फळीजवळची खुर्ची

१२ मे, रविवार

टिकलो! आठ संघांत सहावे. वरच्या गटात राहायला तेवढंच लागतं. सातव्यापेक्षा फक्त एका गुणाने पुढे – एका!

शिट्टीसरांनी दोनदा बेरीज केली. (आमचे प्रशिक्षक. गळ्यातली शिट्टी झोपतानाही काढत नसावेत.) तिसऱ्यांदा बेकरीवाल्याकडून करून घेतली. तो म्हणाला, "सर, आता पुरे. बेरीज घासून घासून झिजेल."

बेकरीवाला गोळाफेकीत तिसरा आला. उंच उडीला आमच्याकडे कोणी नव्हतं, तर तिथेही त्यालाच उतरवला. गडी दांडीसकट गादीवर! सगळं मैदान हसलं. पण त्याआधी सगळ्यात खालची उंची कशीबशी पार केली होती, म्हणून एक गुण. शिंपीदादा पंधराशे मीटरमध्ये चौथा. वहिनी लांब उडीत दुसरी, शिवाय रिलेत तिसऱ्या टप्प्यात धावली. बाळ दीड वर्षाचं आहे तिचं. आई म्हणते, "सुनेने उड्या मारायच्या, लेकीने निशाणं हलवायची, आणि मी घर धरून बसायचं."

निशाणं मी हलवली. प्रत्येक क्लबने दोन पंच द्यायचे असतात. सर म्हणाले, "तू शिकलेली. नियमांचं पुस्तक तूच वाचलंयस. बस लांब उडीला." फळीजवळ खुर्ची. हातात दोन निशाणं. पाय फळीच्या पुढे गेला तर लाल, नाही तर पांढरं. टेप धरणारे काका तिकडे वाळूपाशी, त्यांना फळी दिसत नाही. म्हणजे फळीचं जे काय ते माझ्याच डोळ्यांवर.

वहिनीची शेवटची उडी. तोवर ती तिसरी होती. निळ्या रिबिनीवाली मुलगी दुसरी – ती त्या सातव्या आलेल्या क्लबची. वहिनी पळत आली, आणि त्याच वेळी पलीकडे रिले चालू होती, आरडाओरडा, माझी नजर तिकडे गेली. परत वळले तर वहिनी वाळूत. टेपवाले काका माझ्याकडे बघतायत. मी पांढरं उचललं.

मी पाहिलंच नव्हतं.

उडी मोठी निघाली. वहिनी दुसरी, निळी रिबीन तिसरी. त्यांचा एक गुण गेला, आमचा एक वाढला.

नंतर ती मुलगी आली. रडत नव्हती. "ताई, तुम्हाला नीट दिसलं ना?"

"हो."

एका अक्षराचं उत्तर.

१३ मे, सोमवार

संध्याकाळी क्लबात पेढे – नाही, पेढे कसले, बेकरीवाल्याचा केक. त्यावर क्रीमने मोठा सहा.

सगळे मला बघून हसत होते. वेगळंच हसणं. शिंपीदादा म्हणाला, "निशाण कुणाच्या हातात द्यायचं ते सरांना बरोबर कळतं." सरांनी डोळे वटारले, पण शिट्टीमागे हसू होतं. बेकरीवाल्याने केकचा मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला. "घे. मला वाटायचं, तू नुसतीच शिकलेली. शहाणी पण निघालीस!"

तेव्हा उमजलं. ह्यांना वाटतंय, मी मुद्दाम केलं. घरच्या माणसासाठी!

दोन वर्षं ह्या क्लबात मी "पुस्तकवाली" होते. नियम सांगणारी, वेळेवर या म्हणणारी. आज पहिल्यांदा त्यांनी मला आपल्यात घेतलं. तेही कशासाठी!

ओरडून सांगावंसं वाटलं – अहो, मी लबाडी नाही केली, माझं लक्ष नव्हतं! पण कोण विश्वास ठेवणार? आणि केक खाल्ला मी. सगळा.

वहिनीने केकला हात लावला नाही. म्हणाली, दाढ दुखतेय.

१५ मे, बुधवार

वजनमापांच्या कचेरीतून काटे तपासायला बाजारात गेलो. मोठे साहेब पुढच्या गल्लीत, माझ्याकडे किराणावाले. एकाचा काटा गिऱ्हाइकाच्या विरुद्ध झुकत होता. फार नाही. एरवी मी आधी समजावून सांगते, दुरुस्त करून आणा म्हणते. साहेब त्यावरून हसतात – "बाई, ही शाळा नाही." आज मी सरळ काटा जप्त केला.

दुकानदार वयाने बाबांएवढा. "मुद्दाम नाही हो ताई. लक्ष नव्हतं."

मी म्हणाले, "लक्ष नव्हतं हे कारण होत नाही. ज्याच्या हातात काटा, त्याने लक्ष ठेवायचं."

साहेब मागून आले होते. "आता तयार झालात," म्हणाले.

कुणाला बोलत होते मी?

१६ मे, गुरुवार

वहिनीने न सांगता माझे सगळे कपडे इस्त्री करून ठेवलेत. दिवसभर लाँड्रीत इस्त्रीच करते ती. घरी आल्यावर इस्त्रीचं नाव काढलं तरी अंगावर येते! आणि आज हे. विचारलं तर म्हणाली, "वन्सं, साहेबीण आहात, चुरगळून कशा जाल?"

थट्टा तीच. पण माझ्याकडे बघून केली नाही.

१८ मे, शनिवार

आज मोठ्या मैदानावर सराव. दिव्यांखाली!

वरच्या गटातल्या क्लबांनाच संध्याकाळी हे मैदान मिळतं. खालच्या गटाला बंद गिरणीमागची मोकळी जागा – दिवे नाहीत, उडीसाठी वाळू नाही, अंधार पडला की घरी. वहिनी लाँड्रीतून सुटते तेव्हा अंधारच असतो. म्हणजे आम्ही खाली गेलो असतो तर बाकीच्यांचं अडलं असतं, तिचं मात्र संपलंच असतं.

लग्नाआधी ती जिल्ह्यात पहिली होती. मग माझं शेवटचं वर्ष आलं. आई आजारी, दादा ट्रकवर. वहिनी म्हणाली, "तुम्ही अभ्यास करा, मैदान कुठे पळून जात नाही." घर तिने ओढलं. पदवी मला मिळाली. बाबांनी पदवी घेतानाचा फोटो दारासमोर लावलाय, येणाऱ्याच्या डोक्याला लागेल असा. तिची पदकं पत्र्याच्या डब्यात. त्यात आता बाळाची औषधंही असतात.

आज ती उडी घ्यायला उभी राहिली की फळीकडे बघत राहायची. पळत यायची आणि आधीच थांबायची. सर ओरडले, "फळी चावते का तुला?"

निघताना फाटकापाशी निळी रिबीन. मैदानावरच्या खोलीतलं आपलं सामान काढत होते ते लोक – शंकू, टेप, अडथळे. गट पक्के करणारी मंडळाची सभा पंचवीस तारखेला, पण चाव्या आजच मागितल्या म्हणे. दोन्ही हातांत ओझं असूनही ती थांबली. "नमस्कार ताई."

तोंड फिरवलं असतं तर बरं झालं असतं.

१९ मे, रविवार

कार्यवाहांना सांगायचं. ठरलं.

२१ मे, मंगळवार

नाही गेले. बाळाला ताप होता. (दुपारीच उतरला होता.)

२२ मे, बुधवार

गेले!

मंडळाच्या कार्यवाहांचं चष्म्याचं दुकान आहे. मला पायरी चढताना सुचलं – कसल्या दुकानात कसली कबुली! आत एक आजोबा फळ्यावरची अक्षरं वाचत होते आणि चुकलं की फळ्यालाच दोष देत होते. ते गेल्यावर मी एका दमात सांगून टाकलं. "साहेब, लांब उडीच्या त्या शेवटच्या उडीला मला फळी दिसली नाही. माझी नजर दुसरीकडे होती."

ते म्हणाले, "न दिसण्याची तक्रार घेऊन इथे रोजच येतात लोक." मी हसले नाही. मग तेही नाही हसले.

काच पुसत विचारलं, "म्हणजे पाय पुढे गेला, असं तुमचं म्हणणं आहे?"

"मला माहीत नाही. मी पाहिलं नाही."

"मग उडी राहील. पंचाने पाहिलं नसेल आणि दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल, तर शंकेचा फायदा खेळाडूला. पाय गेलेला पाहिला असता तर गोष्ट वेगळी. पाहिलात?"

"नाही."

"मग जा घरी. पुढच्या वेळी डोळे फळीवर ठेवा." दारापर्यंत आले. "येऊन सांगितलंत, हे पुष्कळ झालं. आजकाल कोण येतं?"

सांगितलं मी! लपवलं नाही. आणि तरीही उडी राहिली. नियमानेच राहिली. आता ओझं कसलं?

२३ मे, गुरुवार

कार्यवाहांनी सरांना फोन केला म्हणे. सरांनी आज सगळ्यांसमोर माझ्यासाठी शिट्टी वाजवली. "आता कुणी बोट दाखवायचं नाही. पोरगी स्वतःहून जाऊन आली!" बेकरीवाला कान पकडून म्हणाला, "माफ कर गं, भलतंच बोललो तुला." बाबांनी शेजाऱ्यांना सांगितलं, समोरच्या दुकानात सांगितलं, दादाला ट्रकवर फोन करून सांगितलं. "शिक्षण म्हणतात ते हे!"

सगळे खूश. मलाही झोप लागायला हवी होती.

वहिनीने ऐकलं आणि बाळाला घेऊन आत गेली.

२४ मे, शुक्रवार

गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. चादरीपलीकडून वहिनी चिमटा तोंडात धरूनच म्हणाली, "काय सांगितलंस त्यांना?"

वन्सं नाही. अहो-जाहो नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून आज पहिल्यांदा "तू".

मी सांगितलं – रिलेकडे बघत होते म्हणून.

तिने तोंडातला चिमटा काढला. "कुठल्या रिलेकडे?"

"आपल्या. मुलींच्या. दुसरी कुठली होती?"

"त्यात तिसऱ्या टप्प्याला कोण होतं?"

मी बादलीतला पुढचा कपडा उचलला.

"उडी झाली, बुटातली वाळूसुद्धा झटकली नाही आणि तशीच बॅटन घ्यायला पळाले. सर बोंबलत होते. मी वाळूत होते तेव्हा रिले कशी चालू असेल गं? मी काय दोन आहे?"

चादर वाऱ्याने माझ्या तोंडावर येत होती. मी ती बाजूला केली नाही.

"फळी संपल्यावर पायाला मऊ लागतं," वहिनी म्हणाली. "ते कळतं. डोळे मिटलेले असले तरी कळतं. उडी घेतानाच मला कळलं. वाटलं, आता लाल येणार. वळून बघते तर पांढरं." तिने चिमटा चादरीला लावला. "मीही बोलायला हवं होतं. त्याच क्षणी. नाही बोलले. दिवे डोळ्यांसमोर आले माझ्या, मैदानाचे. मग म्हटलं, ही बोलेल. ही बोलल्याशिवाय राहायची नाही. आणि बोललीस ते हे."

"तुझं मैदान जाईल, वहिनी."

"माझं मी बघेन. त्या पोरीचं कशाला घालवलं आपण?"

बादली उचलली आणि खाली गेली. अर्धे कपडे तसेच.

आत्ता पानं मागे उलटून वाचली. बारा तारखेचं पान. "मी पाहिलंच नव्हतं." किती ठसठशीत अक्षरात लिहिलंय! इथे तर दुसरं कोणी वाचतही नाही. मग हे लिहिलं कुणासाठी?

२५ मे, शनिवार

पाहिलं होतं. उन्हात अगदी स्वच्छ – बुटाचं टोक फळीच्या दोन बोटं पुढे. माझा हात लाल निशाणावरच होता.

सभा दुपारी आहे. वहिनी चपला घालून दारात उभी आहे, बाळ कडेवर. म्हणते, "चल, सांगू दोघी. सभेला निघायच्या आत दुकानातच गाठू कार्यवाहांना."