आईंसाठी गाडीवरच्या शेवया

४ नोव्हें. २०१४, मंगळ., कोलोन
आज परत डबा. मीटिंग अर्धी सोडून पळाले. ऑफिससमोरच्या चौकात व्हिएतनामी बाईंची गाडी, रांग, पाऊस, छत्री घरी. स्टीलचा डबा पुढे केला की फ्राऊ होआ हसतात. तांदळाच्या शेवया, टोफू, कोथिंबीर, दाणे, वरून ते आंबटगोड पाणी. मांस नको, कांदा नको, हे रोज बजावते. मग ट्राम, घर, आईंना वाढायचं, परत ट्राम. स्वतः जेवले उभ्याने. दमले बाई.
पण सासूबाईंनी डबा पुसून खाल्ला. एप्रिलमध्ये मंदारचे बाबा गेले, तेव्हापासून धड जेवल्याच नव्हत्या. पुण्याहून आल्या तेव्हा चव्वेचाळीस किलो. माझं वरण, माझी खिचडी, सगळं दोन घास आणि ‘पुरे गं’. एक दिवस मी माझ्यासाठी आणलेल्या शेवया त्यांनी चाखल्या नि संपवल्याच.

६ नोव्हें., गुरु.
आईंचं वजन सेहेचाळीस! मंदारला फोन केला. (तो सोम. ते गुरु. इंगोलश्टाटला, प्लांटवर.) म्हणाला, ‘ग्रेट! आणत राहा.’ आणत राहा म्हणे. तुझ्या बापाचं काय जातंय?... नको, बाबांचं नाव नको.
आई म्हणाल्या, ‘कोथिंबीर, दाणे, लिंबू. आपलंच आहे की सगळं. फक्त त्या पाण्याची चव ओळखू येत नाही बघ.’

७ नोव्हें., शुक्र.
आज कळलं.
रांग नव्हती म्हणून सहज विचारलं, त्या पाण्यात असतं काय? फ्राऊ होआंनी बाटली काढून दाखवली. लेबलवर मासा. माशाचा सॉस. ‘ना क्लार! अर्थातच. त्याशिवाय चव कुठली?’
तीन वर्षं मी ‘ओहने फ्लाइश’ म्हणतेय. मांस नको. त्यांनी कधी मांस घातलंही नाही. माशाचं विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. कांद्याचं मात्र रोज! अगं बये. माझं एक सोडा, मी अंडं खाते. पण आई? चातुर्मासभर कांदा-लसूण बंद, अंडं शिजलेल्या पातेल्यात चहासुद्धा टाकू देत नाहीत.
डबा भरून हातात होता. नेला. वाढला.

८ नोव्हें., शनि.
मंदारला सांगितलं. आधी हसला, मग नाही हसला. ‘सांगू नकोस. जेवतेय ना ती?’ म्हटलं, तुझी आई आहे, तू ठरव. तर हा भांडी घासायला उठला. एरवी कधी उठत नाही.
दुपारी आईंना म्हटलं, बाहेरचं अन्न, तुम्ही कधी विचारत नाही काय काय घालतात ते. तर म्हणाल्या, ‘विचारायचं काय त्यात? तू आणतेस ना.’
मेले मी.

१० नोव्हें., सोम.
फ्राऊ होआंना सांगितलं, माशाचा नको, सोया सॉस घाला. त्यांनी खांदे उडवले नि दिलं करून. आईंनी अर्धा डबा ठेवला. ‘आज काहीतरी कमी आहे गं.’

११ नोव्हें., मंगळ.
कार्निवल सुरू. चौकात जोकर, बीअर, गाणी. गाडी बंद. वरणभात. चार घास.

१४ नोव्हें., शुक्र.
बुध., गुरु., आज, तिन्ही दिवस सोया. वजन परत पंचेचाळीसच्या खाली. आई तक्रार करत नाहीत, नुसता डबा झाकून ठेवतात. काल म्हणाल्या, ‘भूक म्हणजे काय ते विसरलेच होते मी. मध्ये जरा आठवलं होतं.’
काय करू? धर्म बुडवू की माणूस? आणि हे ठरवणारी मी कोण?

१७ नोव्हें., सोम.
फ्राऊ होआंनी विचारलं, ‘आल्झो, मग काय, सोया की नेहमीचं?’
नेहमीचं, म्हणाले.
पूर्ण डबा. बोटं चाटली आईंनी. मला आनंद झाला आणि लाजही वाटली. ऑफिसात दुपारभर कोडची एक ओळ लिहिली नाही.

२० नोव्हें., गुरु.
आई पुढच्या शनिवारी परत जाणार. आज एकदम म्हणाल्या, ‘त्या बाईंकडे ने मला. कृती लिहून घेते, पुण्यात करीन. तिथे काय तू डबा घेऊन येणारेस?’
दुभाषी अर्थात मी. काम आहे, थंडी आहे, कृती इंटरनेटवर मिळेल, सगळं सांगून झालं. ‘मग मी एकटी जाते,’ म्हणाल्या. जातीलही.

२१ नोव्हें., शुक्र.
गेलो. साडीवर मंदारचं जॅकेट, हातात बाबांच्या ऑफिसची जुनी डायरी नि पेन. फ्राऊ होआंनी हात जोडले, आईंनी जोडले. ‘दोघी म्हाताऱ्या’ म्हणून खुशीत हसल्या. मी एकेक सांगत गेले, आई लिहीत गेल्या. लिंबू. साखर. मिरची. कोमट पाणी.
मग फ्राऊ होआंनी बाटली उचलून आईंच्या समोर धरली. मोठ्या अभिमानाने. नाव सांगितलं, दोन बोटं दाखवली.
आईंनी बाटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. चष्मा होता डोळ्यांवर.
‘किती म्हणाल्या?’
‘दोन चमचे.’
‘हं. पुढे?’
आज डबा घेतलाच नव्हता. घरी दहीभात खाल्ला, थोडासा.

२२ नोव्हें., शनि.
आई अंघोळीला गेल्या तेव्हा डायरी उघडली. चोरून, हो.
लिंबाचा रस, तीन चमचे. साखर, दोन. मिरची, एक, बारीक चिरून. कोमट पाणी, अर्धी वाटी. मग एक ओळ. नाव नाही, तेवढी जागा कोरी सोडलेली. पुढे ‘दोन चमचे’.
मंदारला दाखवलं. तो कधीचा त्या ओळीकडेच बघत बसलाय.
सोमवारी आणू का, आणू तर कुठलं, अजून विचारलेलं नाही. डबा मात्र आईंनी स्वतः घासून, पुसून माझ्या ऑफिसच्या बॅगेशेजारी ठेवलाय.