आक्काचं आवतण

ठाणे, गुरुवार

प्रिय आक्का,

हे पत्र मृणाली तुला वाचून दाखवेल. मृणाली, आपल्या आजीला आधी ओटीवर बसव, टीव्ही बंद कर, आणि मधलं काही गाळू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे, आजीला लागेल असं काही आलं की तू दोन ओळी गिळून टाकतेस. आज गिळायचं नाही. लिहिलंय ते सगळं वाचायचं, आणि मोठ्यानं.

आक्का, तू म्हणशील मेल्या, फोन करता येत न्हाय व्हय? केला होता गं. मितेशच्या हळदीनंतर चार वेळा केला. दर वेळी तू एकच विचारलंस, जेवलास कं? मी हो म्हणालो आणि ठेवून दिला. तुझ्या त्या 'जेवलास कं'पुढं माझी जीभच उचलत नाही. लहानपणी दाजी आजोबांच्या सायकलची घंटी विकून मी गारेगार खाल्लं, तेव्हा चिंचेच्या फोकानं तू माझी पाठ सोलली होतीस. मग तासाभरानं तूच खोबरेल लावलंस, सुकटीची चटणी आणि भाकरी दिलीस, विषय संपला. या वेळी तू फोक उचललाच नाहीस. म्हणून विषय संपत नाही.

मी काय गातो ते तुला कधी धड सांगितलंच नाही. तू लोकांना सांगतेस, आमचा प्रित्या आर्केष्ट्रात हाय. तसं नाही ते. मानकोलीच्या गोडाऊनला खोक्यांवर स्टिकर मारायची माझी ड्युटी होती, तेव्हा शेजारच्या टेबलावर केदार बसायचा, भिवंडीच्या शरच्चंद्र मास्तरांचा मुलगा. तोच, जो आपल्याकडे जेवायला आला आणि बोंबलाच्या वासानं हळूच खिडकीपाशी सरकला. त्यानं मला पहिल्यांदा रेगे ऐकवलं. लांब समुद्रात जमैका नावाचं बेट आहे, तिथल्या गरिबांची ही गाणी. घाई अजिबात नाही. आपण जिथं टाळी देऊ तिथं गिटार गप्प, आणि टाळी संपून हात मोकळे झाले की ती वाजते. ते ऐकलं आणि आक्का, मला तू आठवलीस. लग्नाच्या मांडवात धवला गाताना ओळ संपवून तू श्वास घेतेस, आणि तेवढ्यात मागच्या बाया ओळ उचलतात. ती गिटार अगदी तशी येत होती, मागून, न चुकता. मी केदारला म्हटलं, अरे, हे तर आमच्या मांडवात चालतं.

चाळीस वर्षं आपल्या दिघाशी गावात तुझ्या धवल्याशिवाय कुणाची हळद लागली नाही. आई गोडाऊनच्या शिफ्टला जायची आणि मी तुझ्या पदराला धरून या मांडवातून त्या मांडवात. सगळे धवले मला शाळेच्या कवितांआधी पाठ झाले. तू हसायचीस, म्हणायचीस, पोरगी असतास तर माझ्यामागं तूच धवलारीण झाला असतास. पण एक गोष्ट तू मला कान धरून बजावली होतीस. पितरांच्या आवतणाचा धवला मांडवाबाहेर गायचा न्हाय. नावानं हाक मारली की ते येतात, आले की प्रत्येकाच्या नावानं पानावर तांदळाची मूठ ठेवावी लागते. उगाच बोलावून त्यांना उपाशी परत धाडायचं न्हाय.

मी नेमका तोच गायला.

केदारनं गिटार घेतली, मी गोडाऊन सोडलं, आम्ही 'खाडीवारा' नावाचा बँड काढला. मी केस वाढवून त्यांच्या जटा केल्या. आठवतं ना, मी तशा अवतारात एसटीतून उतरलो आणि पडघ्याची एक म्हातारी माझ्या पाया पडली? दाजी आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तू मात्र दोन वाट्या तेल जिरवून एकेक जट सोडवायला बसलीस, आणि कंटाळून म्हणालीस, राहू दे, देवाला सोडलाय समजू. दोन वर्षं आम्ही जमैकावाल्यांची गाणी त्यांच्यासारखी तोंडं करून गायलो आणि कुणी कुत्रं विचारलं नाही. मग एकदा पुण्याच्या कॉलेजात पोरं उठून जायला लागली, तेव्हा मी घाबरून तुझं आवतण सुरू केलं. दामूबाबा, या मांडवा. चांगदेवबाबा, या मांडवा. विठूबाबा, या मांडवा. गुणाबाई, या मांडवा. केदारनं मागून ठेका दिला. उठलेली पोरं परत बसली, आक्का. तुझ्या सासऱ्यांची, आजेसासऱ्यांची, तुझ्या सासूची नावं त्या पोरांनी माझ्यामागं घेतली. त्या गाण्यानं मला नाव मिळालं. माझं बाकी एकही गाणं लोकांना येत नाही, हेही सांगून टाकतो.

आता जे लिहायचंय ते लिहिण्याआधी मी तीनदा उठून पाणी प्यायलो.

पुण्यातच पुढच्या वर्षी मोठा कार्यक्रम होता. स्टेजवरच्या मुलीनं विचारलं, हे कुणाकडून शिकलात? मी म्हटलं, आमच्या आक्काकडून. ती म्हणाली, अय्या, मग त्यांना एकदा इथं आणा ना, आम्हाला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. सगळे टाळ्या वाजवायला लागले. आणि माझ्या डोळ्यांपुढं तू उभी राहिलीस. मिश्रीनं काळे झालेले दात, गुडघ्यापर्यंतचं लुगडं, माईक नसला तरी वेशीपर्यंत जाणारा आवाज. तू त्या पोरीला विचारशील, काय गं, लगीन झालं कं? आणि सगळ्यांसमोर म्हणशील, या मेल्याला मी सांगितलं व्हतं, हा मांडवाबाहेर गायचा न्हाय. एवढं सगळं एका क्षणात आलं बघ डोक्यात. आक्का, मला तुझी लाज वाटली. आणि भीतीही वाटली. मी मान खाली घातली आणि म्हणालो, आक्का आता आपल्यात नाहीत.

मेलेल्या माणसाला कुणी विचारत नाही की तुझी परवानगी होती का.

सगळे हळहळले. मोबाईलचे दिवे लागले. त्या दिवशी गाणं संपल्यावर जशा टाळ्या पडल्या तशा मला आयुष्यात कधी पडल्या नव्हत्या. कार्यक्रमवाला म्हणाला, ते आक्काचं प्रत्येक ठिकाणी सांगत जा, लोकांना भिडतं. मी सांगत गेलो. नुसतं सांगत गेलो असतो तरी एक वेळ... मी वाढवत गेलो गं. तुला दवाखान्यात नेऊन ठेवलं. नाशिकच्या कार्यक्रमात तू माझा हात धरून शेवटचा धवला म्हणालीस. नागपुरात तर तुझे शेवटचे शब्द, पोरा गात राहा. माझे डोळे खरोखर भरून यायचे, आणि तू तिकडे ओटीवर बसून सुकट निवडत असायचीस. केदारनं दोनदा सांगितलं, हे थांबव. तिसऱ्यांदा त्यानं गिटार पिशवीत घातली आणि निघून गेला. मी लोकांना सांगितलं, केदारला परदेशी नोकरी लागली. तो भिवंडीतच आहे, मास्तरांच्या क्लासमध्ये शिकवतो.

मग पडघ्याहून तुझ्या माहेरची माणसं आली. कुणाच्या तरी मोबाईलवर त्यांनी मला पाहिलं होतं. टेम्पो करून आली, वेशीपासूनच बायांनी गळा काढला, आणि तू अंगणात सूप घेऊन उभी. मृणालीनं मला फोनवर सांगितलं तेव्हा ती हसत होती, आणि हसता हसता रडायला लागली. तू त्यांना रडू दिलंस, चहा केलास, आणि वर म्हणालीस, माझ्या दुखवट्याला मीच चहा केला, अशी बाय दुसरी हाय कं? सगळे हसले म्हणे. दाजी तेवढे उठून आत गेले. मला तुम्ही कुणी काही विचारलं नाहीत. माझ्या आईनंसुद्धा नाही. तुम्ही सगळे समजून गेला होतात, आणि मला वाटलं, चला, हसण्यावारी गेलं. किती निर्लज्ज असावं माणसानं!

आता मितेशची हळद. धाकट्या भावाची हळद म्हणून मी दोन दिवस आधी आलो. डीजेवर माझंच गाणं, तुझंच, वाजत होतं. तुझ्या धवल्याची वेळ झाली तसा डीजे बंद केला. पोरं ओरडली, आक्का, प्रितेशच्या स्टाइलमंदी! तू त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाहीस. पान मांडलंस, तांदूळ घेतलेस, सुरू केलंस. दामूबाबा, एक मूठ. चांगदेवबाबा, एक मूठ. विठूबाबा, एक मूठ. गुणाबाई, एक मूठ. तिथं आवतण संपतं. चाळीस वर्षं आमच्या घरात ते तिथंच संपत आलंय. पण तू श्वास घेतलास, मान वर केलीस, माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालीस, आक्काबाई, या मांडवा.

मागच्या बायांनी सवयीनं ओळ उचलली. अर्धी म्हणून झाल्यावर त्यांना कळलं, तशा एकेक करून गप्प झाल्या. तू शांतपणे पाचवी मूठ घेतलीस आणि गुणाबाईच्या शेजारी ठेवलीस. दाजी म्हणाले, अगं भुललीस कं? कुणी तरी हसलं, म्हातारी झाली आता, व्हतंय असं. डीजे पुन्हा सुरू झाला. भुलली नव्हतीस तू. चाळीस वर्षांत एक नाव इकडचं तिकडं केलं नाहीस. मेल्याहून मेल्यासारखं होणं काय असतं ते मला त्या मांडवात कळलं. सगळे नाचत होते, माझ्या तोंडाला हळद फासत होते, आणि मी त्या पानावरची पाचवी मूठ बघत बसलो होतो. तू कधी शाप देत नाहीस, ते मला ठाऊक आहे. मी लोकांना जे सांगितलं ते तू फक्त खरं करून दाखवलंस.

त्यानंतर मी एकदा प्रयत्न केला, तोही सांगतो. पुण्यात. ठरवून गेलो होतो की आज सांगायचंच. माईकपाशी गेलो, आमची आक्का, एवढंच म्हणालो, आणि दिवे लागले. लोकांना पुढचं पाठ होतं. मी गप्प उभा राहिलो, त्यांना वाटलं माझा कंठ दाटून आलाय, आणि मी त्यांना तसं वाटू दिलं. खरंच वाटू दिलं, आक्का.

मग गेल्या रविवारी मानकोलीला कार्यक्रम झाला. आपलीच माणसं, गोडाऊनची पोरं, चार दिघाशीचे. त्यांना मी गाण्याआधीच सांगितलं. आक्का जिवंत आहे. ती दिघाशीत आहे, गाणं तिचं आहे, तिनं मला ते बाहेर गाऊ नको म्हणून सांगितलं होतं, आणि मला तिची लाज वाटली म्हणून मी तिला मारून टाकलं. काही जण हसले, त्यांना वाटलं गंमत आहे. पुढं बसलेल्या एका बाईनं हातातला दिवा बंद केला आणि मोबाईल पिशवीत टाकला. तिचं तोंड माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मागून कुणीतरी शिवी घातली, ती बरोबर होती. मी ते गाणं गायलो नाही. यापुढं गाणार नाही. आता कार्यक्रमवाले फोन उचलत नाहीत, बँडमधली पोरं दुसरीकडं चौकशी करताहेत. ते मी तुला दया यावी म्हणून सांगत नाही. मृणाली, हे वाक्य पुन्हा वाच. उद्या तुम्हाला कळेलच, म्हणून सांगतो.

हे सगळं मी तोंडानं सांगायला येतच होतो. सोमवारी आलो, पडघ्याच्या नाक्यावरून गाडी वळवली. मंगळवारी गावच्या वेशीपर्यंत आलो. काल तुझ्या दारापर्यंत. तू पाठमोरी होतीस, पापड उलटत होतीस, आणि मी चोरासारखा परत गेलो. गाडीच्या डिकीत एक नारळ, सुपारी आणि रुमालात बांधलेले तांदूळ आहेत. विनिताशी माझं लग्न ठरलंय, वैशाखात. धवलारणीला आवतण द्यायला नवऱ्या मुलानं स्वतः जायचं असतं, ते मला तूच शिकवलंस. विनितानं विचारलं, तुमच्याकडे धवला कोण गाणार? तू नाही म्हणालीस तर नाही, मी दुसरी धवलारीण बोलावणार नाही, बिनधवल्याची हळद लावून घेईन. पण हो म्हणालीस तर मृणालीला नुसता मिस कॉल द्यायला सांग, मी नारळ घेऊन येतो, आणि येताना चिंचेचा फोकही मीच तोडून आणतो. माफ कर, असं म्हणायला मला तोंड नाही. एकच मागतो, आक्का. माझ्या मांडवात पितरांना बोलावशील तेव्हा चार मुठी ठेव. गुणाबाईच्या नावावर थांब.

तुझाच,
प्रित्या