कडीपर्यंत न गेलेला हात

आदरणीय बिशपसाहेब,

सलाम. सोनगीरजवळच्या आपल्या लूथरन चर्चात पाळक म्हणून आलो, तेव्हापासून पुष्पाबाईंच्या घरी जात होतो. त्या हिंदू. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्यासाठी प्रार्थना करावी, एवढंच त्यांचं मागणं. मग एका रविवारी चर्चच्या फाटकात चौघांनी मला अडवलं. "कुणाकुणाला बाटवतोस रे?" तुम्ही फोनवर म्हणालात, मंडळीबाहेरच्या घरी जाऊ नका. मी जाणं सोडलं.

आज पुष्पाबाई त्याच नवऱ्याला रिक्षात घालून माझ्या दारी आल्या. ते चौघे समोरच चहाच्या टपरीवर बसलेले. मला फटीतून दिसत होते. मी कडी काढली नाही.

"भाऊ, दार उघाडू नका," पुष्पाबाई बाहेरून म्हणाल्या. "तठूनच प्रार्थना करा. आमले आयकू येस."

बंद दारासमोर हात वर करून मी आशीर्वाद दिला, रस्त्यावर कुणाला ऐकू जाऊ नये असा पुटपुटत. त्यांनी मात्र "आमेन" म्हटलं ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

रिक्षा निघाली. तिच्यामागून मोटारसायकली निघाल्या. टपरी आता रिकामी आहे.

साहेब, आशीर्वादाला वर गेलेला हात अजून कडीपर्यंत जात नाही.

दाराआडून,
शमुवेल वळवी