रुसलेल्या मोसंबीचा उन्हाळा

माय, आज बिलोलीच्या रोपवाटिकेत ऊन इतकं आहे की पाईपातलं पाणी आधी बादलीत निववावं लागतं, मग रोपांना घालायचं. ही सवय तुझीच. सकाळी एका शेतकऱ्याला मोसंबीला ताण कसा द्यायचा, फुलण्यासाठी पाणी कसं तोडायचं ते सांगत होते आणि मधेच हसू आलं, कारण माझ्या तोंडून तुझाच आवाज निघत होता.

लातूर नवा जिल्हा झाल्यानंतरचा तो दुष्काळ. सरकारी ऑफिस भाड्याच्या बंगल्यात, मागे मोसंबीची आठ झाडं आणि तू तिथली रोजंदारीची माळीण. त्या कामावरच आपली चूल पेटायची. चैत्र संपताना तू झाडांचं पाणी बंद केलंस. पानं पिवळी पडून गळायला लागली, तसं साहेबांनी तुला बोलावलं. मी तुझ्या पदराआड उभी आहे. "बाई, विहिरीला अजून पाणी आहे. झाडं कशाला मारताय?" तू म्हणतेस, "मारून न्हाई राहिले साहेब, रुसवून राहिले. रुसली की फुलतेत." "आणि नाही फुलली तर?" "मग झाडं बी काढा, मला बी काढा." दारातला शिपाई म्हणाला, "मावशी, झाडांना उपास घातलात, आम्हाला तरी चहा पाजा." सगळे हसले, तूही हसलीस.

मला ते सुकणं बघवेना. कोपऱ्यातल्या झाडाला चार दिवस लपून घागरभर पाणी घातलं. पाचव्या दिवशी तू तिथली माती चिमटीत घेतलीस आणि माझ्याकडं पाहिलंस. "दया आली व्हय गं तुला? अगं, त्याला इचारायचं तरी, काय पायजे म्हणून." मारलं नाहीस. मारलं असतंस तर बरं, असं तेव्हा वाटलं.

मग एका पहाटे पान मुठीत धरून पाहिलंस आणि ताण तोडलास, पाणी सुरू केलंस. पहिलं पाणी हलकं, आंबवणीचं. चार दिवसांनी भरपूर, चिंबवणीचं. तीन आठवड्यांत सात झाडं फुलांनी पांढरी झाली. वास थेट टेबलापर्यंत गेला, कारकून कागद टाकून बाहेर आले. साहेबांनी खुर्ची मागच्या दारात मांडायला लावली आणि दिवसभर तिथंच सह्या केल्या. चहा शिपायानंच पाजला. कोपऱ्यातलं झाड तेवढं हिरवंगार, एक फूल नाही. "याला काय झालं?" साहेबांनी विचारलं. "ते लाडावलंय साहेब," तू माझ्याकडं न बघता म्हणालीस. इतक्या खुशीत मी तुला त्याआधी पाहिलं नव्हतं.

दोन वर्षांनी तू गेलीस. मी शेतकी कॉलेजात गेले, घरातली पहिली पदवी घेतली, हे तुला कुणी सांगितलं नाही. हे पत्रही वहीतच राहणार, म्हणून लिहिते. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, ताण पुरे झाला हे कसं ओळखायचं? मी म्हटलं, पहाटे पान मुठीत धरायचं. रात्रीच्या गारव्यानंही ते ताठ झालं नसेल तर ताण थांबवायचा. सर खूश झाले. म्हणाले, "हे कुठं वाचलंस?" मी म्हटलं, पुस्तकात. त्यांनी पुस्तकाचं नाव विचारलं, माय, तर तेही मी सांगितलं.