कोळशाच्या अकरा खुणा

आत्या, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की माझं वय तुमच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढं गेलं. परवा न्हाणीघरात माझा पाय घसरला. पडले नाही, नळ हाताला लागला म्हणून वाचले. त्या क्षणी देव आठवायला हवा होता, पण आठवलात तुम्ही. डोळ्यांवर धोतराची चिंधी बांधून दुसऱ्याच्या घरात हात पुढं करून चाललेल्या. तुमची सून म्हणून मी तुमच्याशी पुष्कळ बोलले, पण त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाही. तेव्हा ते बोलण्यासारखं आहे हेच मला कळलं नव्हतं.

माझ्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. गावातले तरणे लोक एकेक करून सोलापूरच्या गिरण्यांकडं चालले होते आणि घरांत म्हातारी माणसं तेवढी मागं राहत होती. आपल्या मागच्या गल्लीत धनगराची एक म्हातारी एकटी राहायची. तिचे दोन्ही डोळे गेलेले. तुम्ही तिला अव्वा म्हणायचात आणि दुपारी ताक नेऊन द्यायचात. थंडीच्या दिवसांत एकदा ती उंबऱ्याला अडखळून चुलीवर पडली. कोपरापर्यंत हात भाजला. ते कळल्यावर तिचा मुलगा सोलापूरहून तिला न्यायला आला. आपण दोघी गेलो तेव्हा ती घराच्या मधल्या खांबाला मिठी मारून बसली होती, आणि एवढा दांडगा मुलगा तिच्यापुढं उकिडवा बसून रडकुंडीला आला होता.

"काकी, तुम्हीच सांगा हिला," तो तुम्हाला म्हणाला. "उद्या जळून मेली तर लोक मला काय म्हणतील?"

"तुला काय म्हणतील त्याचं मरू दे," म्हातारी म्हणाली. "मला कुणी विचारायलंय का?"

तुम्ही तिच्याजवळ जाऊन बसलात. "मी विचारायलेय, अव्वा. तुला काय पायजे?"

"हितंच ऱ्हायचंय. माझ्या हातानं चूल पेटवून."

तुम्ही उठलात आणि त्या मुलाला म्हणालात, "आठ दिवस दे मला. आठ दिवसांनी ये. तुला न्हाई पटलं तर मी स्वतः हिला सोलापूरला आणून सोडते." दारात जमलेल्या बायकांतली एक तोंडाला पदर लावून म्हणाली, "कामून दुसऱ्याची म्हातारी गळ्यात बांधून घ्यायलीस गं?" मलाही तेच विचारायचं होतं. आपल्या घरची कामं काय कमी होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला बरोबर घेतलंत. तिच्या घरात गेल्यावर चुलीतला एक विझलेला कोळसा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "मी जिथं अडखळंन, भाजंन, आपटंन, तिथं खूण कर. मला धरायचं न्हाई." आणि डोळ्यांवर चिंधी घट्ट बांधलीत. मी घाबरले. "आत्या, पडशाल!" "पडंन तिथंच तर खूण करायची हाय, पोरी."

ती सकाळ मला अजून दिसते. तुम्ही बाजेवरून उठताय, भिंत चाचपताय. उंबऱ्याला अंगठा ठेचकाळतो, मी खूण करते. खुंटीवरचा विळा कपाळापासून वीतभर अंतरावर, मी खूण करते. अंगणात धान्याच्या पेवावरची फळी तुमच्या पायाखाली कलते आणि मी खूण करते; ते पेव पुरुषभर खोल. तुम्ही पाय मागं घेता, दम खाता, पुन्हा पुढं निघता. बाजेवर बसलेली आंधळी म्हातारी तुमच्या पावलांचा आवाज ऐकत हसत होती. "डावीकडं हो गं, डावीकडं! तिथं रांजण हाय. डोळं असून धडपडायलीस!" आणि तुम्ही पट्टीखाली हसत डावीकडं वळायचात. डोळे नसलेली बाई डोळसाला वाट दाखवत होती. मी हातात कोळसा धरून उभी होते. दुपारपर्यंत अकरा खुणा झाल्या. तुम्ही चिंधी सोडलीत तेव्हा कपाळाला टेंगूळ होतं आणि चूल पेटवताना भाजून दोन बोटांना फोड आले होते.

मग एकेक खूण पुसायला घेतली. सुताराकडून उंबरा तासून घेतला. पेव दगडाच्या शिळेनं कायमचं झाकलं. विळा खाली आला, चुलीला मातीचा गुडघाभर कठडा झाला. दारापासून न्हाणीपर्यंत तुम्ही अंबाडीचा दोर बांधलात, धरून चालायला. तो मात्र म्हातारीनं हात लावताच झिडकारला. "मला काय म्हस समजलीस? दावणीला बांधायलीस व्हय?" मला वाटलं तुम्ही चिडाल, दोन दिवस दोर वळून तुमचे तळवे सोलले होते. तुम्ही मुकाट्यानं दोर सोडलात आणि विचारलंत, "मग कसं करू, तूच सांग." तिनं तळपाय जमिनीवर घासून पाहिला. मग म्हणाली, "माझ्या पायाला कळतंय सगळं. पायाला सांग." मग आपण सारवलेल्या जमिनीत मुरमाचे पट्टे बसवले. पायरीच्या आधी एक, चुलीच्या आधी एक, दाराशी एक. गुळगुळीत जमिनीवर पायाला खरखर लागली की थांबायचं. ती पहिल्यांदा त्यावरून चालली तेव्हा पट्ट्यावर थांबून पायाची बोटं हलवत राहिली आणि एकदम म्हणाली, "बोलायलीय की गं जमीन!"

आठव्या दिवशी मुलगा आला. कल्याणी गावापर्यंत मोटारीनं आणि पुढं चालत. तुम्ही आत गेलाच नाहीत, अंगणात शिळेवर बसून राहिलात. तिनं चूल पेटवली, पीठ मळलं, भाकरी थापली, आणि फुगलेली भाकरी त्याच्यापुढं ठेवली. तो ती हातात घेऊन नुसता बसला. बाहेर येऊन तुम्हाला म्हणाला, "समदं खरं काकी. पर पडली तर?"

"पडंल बी. सोलापुरात पडायची न्हाई का? हितं पडली तर कुठं पडली हे तिला तरी कळंल."

तो एकटाच परत गेला. जाताना तुमच्या पाया पडला.

त्यानंतर तुमचा रोजचा नेम झाला. उठलं की आधी मागच्या दारात जाऊन तिच्या घरावर धूर दिसतो का बघायचं, मग आपली चूल. हळूहळू आजूबाजूच्या घरच्याही बघायला लागल्या. एका सकाळी धूर आला नाही. तुम्ही पिठाच्या हातानं धावलात, तुमच्यामागं मी, माझ्यामागं चार घरच्या बायका आणि त्यांत मशिदीमागच्या खाला, ज्यांचे मुलगे हैदराबादला निघून गेले होते. आत म्हातारी निवांत बसून शिळी भाकरी चावत होती. "आज चुलीचा कंटाळा आला," ती म्हणाली. मग इतक्या जणींचे श्वास तिच्या कानावर पडले. तिचा घास थांबला. "एवढ्याजणी माझा धूर बघायलाव?" तिनं विचारलं. मग खालाच पुढं होऊन तुम्हाला म्हणाल्या, "मेरे घर कू भी आव ना बाई, पट्टी बांधके." तुम्ही गेलात. त्यांच्याही घरी कोळसा माझ्याच हातात होता.

म्हातारी पुढं चार वर्षं जगली आणि आपल्याच बाजेवर, झोपेत गेली. तोवर गावात सहा घरं तुमच्या पायांनी तपासून झाली होती. तुम्ही शाळा पाहिली नव्हती, दवाखान्यात पाऊल टाकलं नव्हतं. हे तुम्हाला कुणी शिकवलं, हे कोडं मला अजून उलगडत नाही. कुणाचं दुःख कळावं म्हणून त्याच्या अंधारात जाऊन उभं राहायचं, आणि तिथं आपलं शहाणपण चाललं नाही तर त्यालाच विचारायचं. तुमच्यानंतर मी पुष्कळ शिकलेली, मोठी माणसं पाहिली. इतकं साधं आणि इतकं मोठं काही पाहिलं नाही.

एक सांगायचं राहिलंय. राज्यांच्या हद्दी बदलल्या, तुमच्या मुलाची बदली गुलबर्ग्याला झाली, आणि आपण गावच्या घराला कुलूप लावून निघालो. तिथं आलेल्या-गेलेल्याला मी सांगत होते, आत्या आपल्या खुशीनं आल्या. तुम्ही ते ऐकत होता आणि मला खोटं पाडत नव्हता. गाडीत बसताना तुम्ही मागं वळून बघितलं नाहीत, म्हणून मला वाटत राहिलं की खरंच खुशीनं आलात. पण आत्या, मी तुम्हाला विचारलंच नव्हतं.