जिरे, मोहरी आणि आईची पेटी

८ नोव्हेंबर, शुक्रवार. पुणे, रूमवर.

आजपासून रोज लिहायचं. नववीत शाळा सोडली म्हणून काय झालं, अक्षर चांगलं आहे.

आज आमच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात इंदुताई आल्या होत्या. रिटायर शिक्षिका, एकट्या राहतात. नात परदेशी शिकायला गेली तेव्हा तिचे दोन ड्वार्फ हॅमस्टर ताईंकडे राहिले. अंगठ्याएवढे. एकीचं नाव जिरे, दुसरीचं मोहरी. ताई म्हणाल्या, त्या बिचाऱ्या प्लास्टिकच्या पिंजऱ्यात गोल गोल फिरतात, बघवत नाही. मोबाइलवर दिसतं तसं माती, बिळं, गवत असलेलं नैसर्गिक घर इथे कोणी करून देतं का?

शेठ बाहेर गेले होते. मी पिंजरे धूत होतो. ब्रश पाठीमागे धरला आणि म्हणालो, "मी करतो. गडचिरोलीचा आहे. जंगलात वाढलोय."

तसं आमचं गाव कुरखेड्याहून सात किलोमीटर, डांबरी रोडवर आहे. पण जंगल दिसतं.

ताई महिनाभर मुलीकडे बंगलोरला जाणार. मी धानकापणीच्या सुट्टीवर. जिरे-मोहरीला सोबत नेणार, तिकडच्या मटेरियलमध्ये घर बांधणार आणि डिसेंबरात परत आणणार. शेठला सांगितलं नाही. गरज काय?

हे जमलं की दुकानात माझं वेगळं काउंटर. हेमराज, हॅबिटॅट एक्स्पर्ट. कार्ड छापायचं.

१० नोव्हेंबर, रविवार. ट्रेनमध्ये.

दोघी बुटाच्या खोक्यात. भोकं पाडली आहेत. समोरच्या माणसाने विचारलं, काय आहे? म्हणालो, रिसर्च. तो उठून दुसऱ्या डब्यात गेला.

घरी फोनवर मी मॅनेजर आहे. दोन वर्षं झाली. पिंजरे पोटासाठी धुतो, मनाने मी मॅनेजरच आहे.

११ नोव्हेंबर, सोमवार. घरी.

स्वागत बरोबर झालं नाही.

अंगणात धानाचे भारे येऊन पडले होते. आईने पाण्याचा तांब्या दिला, खोक्यात वाकून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरली. "बाराही महिने आमी उंदरासंग भांडून राह्यलो, अन् हा पोरगा पुण्याहून तिकीट काढून उंदीर घेऊन आला!"

मी सांगितलं की उंदीर नाहीत, हॅमस्टर आहेत. बाबा म्हणाले, "शेपूट आखूड आहे म्हणून काय झालं? आधी सांगतला असता त आपल्या इथले नेऊन दिले असते चार. पोतंभर आहेत."

त्यांचं शिक्षण कमी आहे. मनावर घ्यायचं नाही.

उद्यापासून काम. पहाटे पाचला उठायचं. कापणीलाही हात लावायचा, बाबांची कंबर दुखते.

१२ नोव्हेंबर, मंगळवार.

नऊला उठलो. प्रवासाचा थकवा. कापणीला गेलो नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार.

भांडं पाहिजे. मोठं, खोल, एका बाजूने काच, म्हणजे आतली बिळं दिसतील. काचेची टाकी पुण्यापर्यंत कशी न्यायची? सकाळभर विचार केला. दुपारी सुचलं. आईच्या खोलीत पत्र्याची पेटी आहे. हिरवी, झाकणावर गुलाबाचं फूल. लग्नात मामाने दिलेली.

आई शेतात होती. विचारायला शेतात कोण जाणार? पेटीतलं सामान, म्हणजे दोन लुगडी, कागद आणि बाबांचा जुना फोटो, खताच्या रिकाम्या पोत्यात नीट भरलं. सायकलवर पेटी टाकून कुरखेड्याला नेली, एक बाजू कापली, काच बसवून आणली.

आई आली. पेटीकडे पाहिलं. पोत्याकडे पाहिलं. "इचारला असता त रिकामी करून देली असती ना, बाबू," एवढंच म्हणाली आणि चूल पेटवायला गेली.

म्हणजे परवानगी होतीच. तरी आज दोन वेळा पोतं उघडून सामानाची घडी नीट केली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार.

आत धानाचा कोंडा भरला. दहा इंच. मोबाइलवर दहा इंचच सांगतात. वर पळसाची वाळलेली पानं, एक वाकडी फांदी, वाटीत नदीची वाळू, कारण हॅमस्टर पाण्याने नाही, वाळूने आंघोळ करतात. फोटो एकदम जंगल. दुकानाच्या ग्रुपवर टाकणार होतो, पण शेठ आहेत ग्रुपवर.

दोघींना सोडलं. मोहरीने लगेच बीळ खोदलं आणि बीळ लगेच बसलं. परत खोदलं, परत बसलं. जिरे शिंकत बसली.

भैयाजी शेजारून पाहायला आला. म्हणतो, "पुण्यात उंदराले बंगला बांधून देतात, तू कुठी राहतो बे?"

आम्ही एका रूममध्ये सहा जण राहतो. पण त्याला सांगायची गरज नव्हती. म्हणालो, फ्लॅट आहे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार.

कोंडा बदलून लाकडाचा भुसा भरला. परत बसला. मग अंगणातली माती भरली. दगडासारखी. दोघी वर बसून माझ्याकडे पाहतात. इंदुताई शाळेत अशाच पाहत असतील.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, नुसत्या कोंड्यात बीळ राहत नाही, बांधीच्या धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची माती पाहिजे, ओली असतानी दाबाची, मंधात तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकाची. हे तिला कसं माहीत, हे मला माहीत आहे. म्हणून ऐकलं नाही.

कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मी लहान असताना एका वर्षी बाबा आजारी होते आणि धानाला कीड लागली. तेव्हा आई कापणी झालेल्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत जायची, लोकांच्या. उंदीर बिळात लोंबी जमा करतात. ती सब्बलने बीळ खोदून त्या लोंबी काढायची आणि मी टोपली धरायचो. पुढेही कमी पडलं की जायची. नववीत असताना वर्गातल्या पोरांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझं नाव उंदऱ्या.

शाळा मी त्यामुळे सोडली असं नाही. गणितामुळे सोडली.

१६ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी २.

मोहरी नाही.

काच बसवायला लावलेली लांबी, म्हणजे पुट्टी, कोपऱ्यात सुकली नव्हती. तिने कुरतडून फट केली. जिरे आत झोपली आहे. हिला काही वाटत नाही.

घरात धान भरायची बांबूची ढोली आहे आणि ढोलीमागे बाबांनी उंदराच्या औषधाच्या गोळ्या टाकल्या आहेत. गुलाबी. मोहरीला गुलाबी रंग आवडतो की नाही, माहीत नाही. पेटीजवळ शेजारची मांजर दोनदा येऊन गेली.

सायंकाळी ६. सापडली नाही. ताईंनी मेसेज केला आहे, उद्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते, दोघींना बघायचंय. मी अंगठ्याचा इमोजी पाठवला.

आईला सांगितलं नाही. ती स्वतःच आली आणि काही न विचारता ढोलीमागच्या गोळ्या एकेक वेचून पदरात घेतल्या. मोजल्या. म्हणाली, पुऱ्या आहेत, खाल्ली नाई.

१७ नोव्हेंबर, रविवार. सकाळी.

आई पहाटेपासून घरात वाकून फिरत होती. कंदील नाही, मोबाइल नाही, नुसती जमिनीला गाल लावून. चुलीमागे बोटभर माती दिसली तिला. मला ती रोजचीच वाटली. ती म्हणाली, "हे आपल्या उंदराचं काम नोहे. त्यायची माती जाडी राहते. हे लहान नखाचं आहे."

खुरप्याने नाही, बोटांनी उकरलं. अर्धा तास. एक वळण आलं तिथे थांबली, दुसरीकडून भोक शोधलं आणि मला सांगितलं, इथी हात ठेव, पळाचं दार राहते. मी हात ठेवला. मोहरी माझ्या हातात आली. दोन्ही गाल धानाने फुगलेले, डोक्याहून मोठे.

आई हसली. "माह्या लेकरासारखी आहे. घरचं खाऊन घरातून पळून राह्यली."

 तिच्या पाया पडावं असं वाटलं. पण सकाळची वेळ, दात घासले नव्हते.

१७ नोव्हेंबर. सायंकाळी ७. रात्रीपर्यंत थांबवत नाही, आत्ताच लिहितो.

दुपारी आईने पेटी पूर्ण रिकामी केली, कोपऱ्यातली फट बुजवली. धुऱ्याची माती, तणीस, थोडा कोंडा, परत माती. बोटांनी काचेला लागून बीळ कोरलं. आधी उतार, मग वळण, मग एक खोली दाण्याची, एक झोपायची आणि मागून पळायचं दार. हात मनगटापर्यंत चिखलात. मी सूचना करत होतो.

नेटवर्क फक्त अंगणात चिंचेखाली येतं, म्हणून पेटी तिथेच होती. ताईंचा कॉल आला. मी मोबाइल फिरवून सगळं दाखवलं. जिरे आत गेली, वळली, दाण्याच्या खोलीत बसली. ताईंना रडू आलं. म्हणाल्या, "हेमराज, हे तू केलंस?" म्हणालो, होय, डिझाइन माझंच आहे.

मग म्हणाल्या, "आणि या बाई कोण?"

आई कॅमेऱ्यात होती. फाटकं लुगडं, केसांत तणीस.

मी म्हणालो, "त्या मजूर आहेत. लोकल लेबर."

आईचे हात थांबले. ताईंना वाटलं लाजल्या. ताई मोठ्याने म्हणाल्या, "नाव काय बाई तुमचं?"

संपलं, असं वाटलं. आईने हात पदराला पुसले, मोबाइलकडे पाहिलं आणि म्हणाली, "रुखमा, जी. साहेबाच्या हाताखाली आहो."

आणि परत माती दाबायला लागली.

१८ नोव्हेंबर, सोमवार.

सकाळी आईने हाक मारली, "साहेब, चहा झाला."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मीही चिडलो असतो.

२० नोव्हेंबर, बुधवार.

साहेब, जेवाले या. साहेब, आंघोळीले पाणी ठेवला. बाबांना काही माहीत नाही, पण त्यांनाही आवडलं, तेही म्हणायला लागले. भैयाजी म्हणतो, "साहेब कधी झाला बे तू? पोस्टिंग चुलीमागं का?"

मी खूप विचार केला. कॉलवर वेळ कमी होता, नेटवर्क जात-येत होतं, अशा वेळी माणूस जे छोटं सुचेल ते बोलतो. मग बोटांवर मोजलं. मजूर तीन अक्षरं. आई दोन.

संकल्प: रविवारी ताईंचा कॉल आला की सगळ्यात आधी सांगायचं.

२३ नोव्हेंबर, शनिवार.

तीन दिवस कापणीला गेलो. कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी विळ्याने बोट कापलं. आईने दगडीचा पाला चुरून लावला, चिंधी बांधली. मला वाटलं आता बाबू म्हणेल. म्हणाली, "साहेबाइनं आराम करावा."

२४ नोव्हेंबर, रविवार.

कॉल आला. सांगितलं नाही. नेटवर्क नव्हतं.

होतं.

ताई म्हणाल्या, पेटी काय सुंदर आहे, जुनी वाटते, कुठे मिळाली? म्हणालो, भंगारात. आई दारात धान पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला नाही. पण लय बदलली.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार.

उद्या निघायचं. आईने काच काढून पुन्हा बसवली, यावेळी लाखेने. आत लोंबीची छोटी जुडी उभी करून ठेवली. वाटेत त्यांना खायला आणि दात झिजवायला. मला डब्यात भाजी-भाकरी. खताच्या पोत्यातलं तिचं सामान आता भिंतीच्या खुंटीला टांगलं आहे.

मी म्हणालो, नवी पेटी पाठवतो पुण्याहून. ती म्हणाली, "पाठवा साहेब."

३० नोव्हेंबर, शनिवार. बसमध्ये, वडसा रोड.

पेटी धरायला आई स्टँडपर्यंत आली. बसमध्ये चढून सीटखाली ठेवून दिली, काचेचा भाग आतल्या बाजूने, कोणाची लाथ लागू नये म्हणून. मग वाकून दोघींना पाहिलं. "जाय वं मोहरे. पळू नको आता."

कंडक्टर ओरडला, "ही बाई कोण आहे? तिकीट कोणाचं?"

मी उभा राहिलो आणि जोरात म्हणालो, "आई आहे माझी!"

सगळी बस माझ्याकडे पाहायला लागली. कंडक्टर म्हणाला, "मंग आईले उतरव ना बाबा, गाडी सोडतो."

पण आई तोवर मागच्या दाराने उतरली होती. इंजिन सुरू होतं. खिडकीतून पाहिलं तर ती पदराने हात पुसत होती. ऐकलं की नाही, कळलं नाही.

पुण्यात पोचलो की ताईंना सगळं सांगणार. पेटीचं, बिळाचं, बाईचं. लिहून ठेवतो म्हणजे मागे हटता येणार नाही.

३ डिसेंबर, मंगळवार. पुणे.

पेटी ताईंच्या घरी पोचवली. दोघी सुखरूप. प्रवासभर त्या आईने केलेल्या झोपायच्या खोलीत होत्या, एकमेकींना चिकटून. ताईंनी चष्मा लावून काचेतून बराच वेळ पाहिलं. मग मला खुर्चीवर बसवलं. कोणी ग्राहक मला खुर्चीवर बसवत नाही. चहा दिला.

म्हणाल्या, "इतकं बारकाईचं काम. खरं सांग, सगळं तू एकट्याने केलंस?"

मी हो म्हणालो.