मांडीवरचा घास

आत्याबाई,

कार्तिकीला घेऊन आम्ही दोघं जालन्याला दवाखान्यात जात आहोत. दुपारी तिला धाप लागली. घास श्वासनळीत गेला असावा, असं इथले डॉक्टर म्हणाले.

सकाळी तुम्ही तिला मांडीवर आडवं घेऊन दूधभात भरवलात. तिला मान धरता येत नाही, म्हणून सरळ बसवूनच भरवावं लागतं. मी काम करते त्या दिव्यांग मुलांच्या केंद्रात दर गुरुवारी आयांना, आज्यांना मी हेच शिकवते. घरात मात्र बोलले नाही. “खाय माय, जल्दी खाय,” तुम्ही म्हणत होतात आणि ती खुदखुदत होती. चार वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही तिला आपणहून जवळ घेतलं होतं. ते मोडायला माझं मन धजलं नाही. तुमचा लेक तुम्हाला काही बोलला, तर सांगा, सून दारात उभी राहून बघत होती.

शेतातून दमून याल. भाकरी टोपल्यात आहे, पिठलं झाकून ठेवलंय. जेवून घ्या.

सकाळच्या गाडीनं या. तिची पट्ट्यांची खुर्ची आणा. ती खाऊ लागली, की पहिला घास तुम्हीच द्या. मी शेजारी बसून सांगेन.

वैजयंता